यंत्रमानवाचा पहिला रुग्ण

पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात २०१९ साली एका नव्या यंत्राने माणसाच्या पोटात पहिल्यांदा प्रवेश केला. ‘व्हर्सियस’ हे त्याचे नाव. ते इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका कंपनीने तयार केले होते. डॉ. धनंजय केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यंत्राच्या मदतीने पित्ताशय, आंत्रपुच्छ, गर्भाशय अशा शस्त्रक्रिया केल्या. पहिल्या ३० रुग्णांचा अहवाल २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही झाला. त्याआधी जगात कुठेही हे यंत्र जिवंत माणसावर चाललेले नव्हते. मराठी मुलखात हे घडले याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि वाटावाच.

पण ‘जगातील पहिला रुग्ण’ हे शब्द वाचले की माझ्या मनात वेगळाच विचार येतो. या यंत्राचा पहिला रुग्ण माणूस नव्हता. माणसाची पाळी येण्यापूर्वी हे यंत्र मृतदेहांवर वापरून पाहिले गेले, आणि जिवंत डुकरांना भूल देऊन त्यांचे मूत्रपिंड त्याच्या साहाय्याने काढून पाहिले गेले. त्या शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे पार पडल्या, असे संबंधित शल्यविशारदांनी आपल्या निबंधात नोंदवले आहे. निबंध तज्ज्ञांसाठी असतात. आपण सामान्य माणसे रुग्णालयाच्या फलकावर ‘रोबोटिक सर्जरी’ एवढेच वाचतो आणि पुढे जातो.

हा विषय मला का सुचावा, असे कोणी विचारील. मी तामलवाडीचा. सोलापूरहून तुळजापूरला जाताना रस्त्यावर लागणारे आमचे गाव. परभणीला पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि आयुष्याची ३१ वर्षे जनावरांच्या दवाखान्यात काढली. जनावराच्या पोटात हात घातलेला माणूस माणसांच्या शस्त्रक्रियेकडे जरा निराळ्या नजरेने पाहतो, एवढेच.

शहरातील वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण मुतखडा ही काही फक्त माणसाची मिरासदारी नाही. आमच्या उस्मानाबादी जातीच्या शेळ्या प्रसिद्ध आहेत. त्यांतल्या बोकडांना बाजारासाठी भरपूर धान्य चारले, पाणी कमी पडले की त्यांच्या लघवीत खडे धरतात. बोकडाची मूत्रनलिका अरुंद आणि नागमोडी असते, तिच्यात बारीकसा खडा अडकला तरी पुरे. जनावर पाठ ताणून उभे राहते, कुंथते, ओरडते. मालकाला वाटते, पोट दुखते आहे. तो ओवा नि हिंग पाजतो. दोन दिवसांनी मूत्राशय फुटते. माणसाच्या बाबतीतही, खडा मूत्रवाहिनीत अडकून राहिला आणि महिनोन् महिने अंगावर काढला, तर वर मूत्रपिंड फुगत जाते आणि शेवटी निकामी होते. मग ते काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. आमच्या उन्हाच्या, पाण्याच्या टंचाईच्या मुलखात हे दुखणे कोणत्या घरात माहीत नाही?

नवे यंत्र पारखायला मूत्रपिंडच का निवडतात, हे समजून घेण्यासारखे आहे. हे इंद्रिय पोटाच्या पोकळीत समोर नसते; ते पाठीला टेकून, आतड्यांच्या मागे दडलेले असते. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. त्यांना रक्त पुरवणारी रोहिणी थेट महारोहिणीतून फुटते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आधी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करायची, आतडे बाजूला सारायचे, मूत्रवाहिनी शोधायची आणि तिच्या मागाने वर जात मूत्रपिंडाच्या देठापर्यंत पोहोचायचे. तिथे प्रथम रोहिणी बंद करायची आणि नंतर शीर. हा क्रम उलटा झाला तर मूत्रपिंड रक्ताने टरारून फुगते. तिथे चिमटा निसटला तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. म्हणजे हात किती आत पोहोचतो, मनगट किती वळते, नाजूक नळीभोवती टोक कसे फिरते, दिसते किती स्पष्ट, आणि बिघाड झालाच तर यंत्र बाजूला करून माणसाला किती लवकर हात घालता येतो, या सगळ्या परीक्षा एका मूत्रपिंडात होतात.

आणि डुक्करच का? गाईचे मूत्रपिंड द्राक्षाच्या घडासारखे, गाठीगाठींचे असते. घोड्याचे उजवे मूत्रपिंड बदामाच्या आकाराचे. डुकराचे मात्र बाहेरून गुळगुळीत आणि आतून माणसासारखेच अनेक कप्प्यांचे. पोटाचा आकार, रक्तवाहिन्यांची जाडी हेही माणसाच्या जवळपासचे. ज्या जनावराचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो, ते आतून आपल्या इतके जवळचे निघावे, हा निसर्गाचा विनोदच म्हणायचा.

ही रीत आजची नाही. मूत्रपिंड काढण्याची विद्याच मुळी जनावरांपासून सुरू झाली. एक मूत्रपिंड काढले तर माणूस दुसऱ्यावर जगेल का, हे दीडशे वर्षांपूर्वी कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. जर्मनीत हायडेलबर्ग येथे गुस्ताव सिमोन या शल्यविशारदाने आधी कुत्र्यांचे एकेक मूत्रपिंड काढून ती जगतात हे पाहिले आणि मग २ ऑगस्ट १८६९ रोजी मार्गारेठा क्लेब या स्त्रीचे मूत्रपिंड काढले. आधीच्या एका शस्त्रक्रियेत तिच्या मूत्रवाहिनीला इजा होऊन लघवी सतत गळत असे. ती बाई बरी झाली. आज एखादी आई आपल्या मुलाला मूत्रपिंड देते आणि स्वतः चालत घरी येते, त्यामागे त्या कुत्र्यांचा वाटा आहे.

पुढे २५ जून १९९० रोजी अमेरिकेत सेंट लुईस येथे राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीतून मूत्रपिंड काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्ण ८५ वर्षांची वृद्धा होती आणि शस्त्रक्रियेला जवळजवळ सात तास लागले. तिच्या आधी डुकरांवर हात बसवून झाला होता. यंत्रमानवाचे युग आले तेव्हाही क्रम हाच राहिला. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये इंदरबीर गिल आणि सहकाऱ्यांनी ‘झ्यूस’ नावाच्या यंत्राने डुकरांची मूत्रपिंडे दुरून काढून पाहिली आणि २००० साली ते काम प्रसिद्ध केले. मग ‘झ्यूस’ आणि ‘दा विंची’ या दोन यंत्रांची तुलनाही त्यांनी डुकरांवरच केली. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या झाक मारेस्को यांनी फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या स्त्रीचे पित्ताशय काढले आणि जग थक्क झाले. त्याआधीची तालीमही डुकरांवरच झाली होती.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हे योग्य आहे काय?

या प्रश्नावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, मुक्या जिवाला आपल्यासाठी मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दुसरा म्हणतो, डुकराचे काय एवढे, रोज हजारो कापली जातात. मला दोन्ही मते अर्धवट वाटतात.

पहिल्या पक्षाला मी एवढेच सांगेन की, आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत रानात घोणस चावते. घोणशीचे विष रक्त बिघडवते आणि पुष्कळदा मूत्रपिंडेच बंद पाडते. अशा माणसाला सरकारी दवाखान्यात जी लस टोचतात, ती घोड्यांच्या रक्तापासून बनते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषाची थोडी थोडी मात्रा घोड्याला देऊन त्याच्या रक्तात उतारा तयार करवून घेतात. ती बाटली नाकारून आपला मुलगा मरू देईल असा बाप मी पाहिलेला नाही, आणि पाहण्याची इच्छाही नाही. शिवाय या प्रयोगांचा लाभ केवळ माणसाला झाला असेही नाही. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा महाराष्ट्रातील गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली होती. तीही कोणत्या तरी जनावरांवर आधी पारखलेली होती.

दुसऱ्या पक्षाला मात्र मी जास्त परखडपणे सांगेन. तुळजापूर आम्हाला शेजारी. नवरात्रात देवीपुढे अजाबली होतो. नवसाचा बोकड कापणे आमच्या भागात नवीन नाही. त्या प्रथेचे समर्थन वा निषेध करण्याची ही जागा नव्हे. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. नवस बोलणारा माणूस बोकड स्वतः निवडतो, त्याला वाढवतो, आणि तो कशासाठी गेला हे त्याला ठाऊक असते. घरातील मुलेही त्या दिवशी गप्प असतात. शस्त्रक्रियेच्या यंत्रासाठी गेलेल्या जनावराची आठवण मात्र कोणालाच नसते. आठवण नसली की हिशेब ठेवावासा वाटत नाही, आणि हिशेब नसला की उधळपट्टी होते. ‘डुकराचे काय एवढे’ या वाक्यात ती उधळपट्टी दडलेली आहे.

आपल्या देशाने याचा विचार फार पूर्वी केला, हे सांगायला मला आनंद वाटतो. प्रसिद्ध नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेच्या सदस्य असताना त्यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध विधेयक मांडले, आणि त्याची परिणती १९६० च्या कायद्यात झाली. या कायद्याने प्रयोगांवर बंदी घातली नाही, पण मर्यादा घातल्या. पुस्तक, प्रतिकृती वा चित्रफितीने काम भागत असेल तर जनावर वापरू नये. लहान प्राण्यावर तेच उत्तर मिळत असेल तर मोठा घेऊ नये. भूल द्यावी. भुलीतून उठल्यावर अतोनात वेदना होणार असतील तर त्याला त्याच भुलीत शांत करावे. आणि केवळ हाताचे कसब यावे म्हणून शक्यतो प्रयोग करू नये. १९९८ च्या नियमांनी यासाठी संस्थांवर समित्यांची देखरेख आणली. इंग्लंडमधील रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये जो विचार मांडला, तो जगभर तीन सूत्रांत सांगितला जातो: जमेल तिथे जनावराऐवजी दुसरे काही वापरा, संख्या कमी करा, यातना कमी करा. आपला कायदा त्याच वाटेने जातो.

यांतील ‘हाताचे कसब’ हा मुद्दा यंत्रमानवाच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. यंत्र सुरक्षित आहे का, हे जिवंत शरीरात एकदा पाहणे वेगळे, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरने ते चालवायला शिकावे म्हणून पुन्हा पुन्हा जनावर घेणे वेगळे. पहिल्या गोष्टीला आज तरी पुरता पर्याय नाही. मृतदेहात रक्त वाहत नाही. देठ तुटला तर काय होते हे तो सांगू शकत नाही. दुसऱ्या गोष्टीला मात्र पर्याय आहे. या यंत्रांत शल्यविशारद पडद्यासमोर बसून हातातील मुठी फिरवतो. त्यामुळे विमानचालकाप्रमाणे आभासी सरावावर त्याला शिकवता येते. खाटकाकडून आणलेल्या अवयवांवर आणि रबरी प्रतिकृतींवर टाके घालता येतात. एवढी सोय असताना नुसत्या सरावासाठी जिवंत जनावर टेबलावर चढवणे मला मान्य नाही.

आता रांगेतील दुसऱ्याकडे येऊ. म्हणजे माणसाकडे.

डुकरावर यशस्वी झालेले यंत्र माणसावर यशस्वी होईलच असे नाही. प्रयोगाचे डुक्कर तरुण असते, निरोगी असते. त्याच्या मूत्रपिंडाभोवती चरबी थोडी असते. आमच्या गावातील पन्नाशीच्या, मधुमेह असलेल्या, वर्षानुवर्षे मुतखडा अंगावर काढलेल्या गृहस्थाचे मूत्रपिंड तसे नसते. ते आजूबाजूच्या सगळ्याला चिकटून बसलेले असते. यंत्र मोडत नाही, वेडेवाकडे वळत नाही, पोहोचते, रक्तवाहिनी बंद करू शकते, एवढे डुक्कर सांगते. पण या यंत्राने रुग्णाचे अधिक भले होते की नाही, हे ते सांगू शकत नाही. ते माणसांच्याच अनुभवातून कळते.

तो अनुभव काय सांगतो? अमेरिकेत २००३ ते २०१५ या काळात संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्या २३ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. या काळात यंत्रमानवाचा वापर दीड टक्क्यावरून २७ टक्क्यांवर गेला होता. साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेशी तुलना केली तेव्हा मोठ्या गुंतागुंतीच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. वेळ मात्र जास्त लागला आणि खर्च सरासरी सुमारे २,७०० डॉलरांनी वाढला. याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. मूत्रपिंडातील फक्त गाठ काढून उरलेला भाग वाचवायचा असतो तेव्हा आतल्या आत भराभर टाके घालावे लागतात. तिथे वळणारे मनगट फार उपयोगी पडते. पण अख्खे निकामी मूत्रपिंड काढायचे असेल, तर कुशल हाताची साधी दुर्बीणही पुष्कळदा पुरते. हे रुग्णाला कोण सांगणार?

इथेच माझी खरी काळजी आहे. ‘रोबोट ऑपरेशन करणार’ म्हटले की आमच्या गावातील माणसाला वाटते, यंत्र आपल्या बुद्धीने पोट कापणार आणि डॉक्टर बाजूला उभा राहणार. कोणाला याची भीती वाटते, तर कोणाला वाटते यंत्र कधी चुकणारच नाही. दोन्ही समजुती खोट्या. यंत्र स्वतः काहीही ठरवत नाही. शल्यविशारदाचा हात हलतो तसे ते हलते, हाताचा कंप गाळून टाकते, एवढेच. चांगल्या सर्जनला ते अधिक सोयीचे होते. नवख्याला ते सर्जन बनवत नाही.

आपल्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे नव्या यंत्राच्या चाचणीला केंद्राची परवानगी, नीतिसमितीची मान्यता आणि रुग्णाची संमती लागते. इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. पुण्यातील चाचणीचे निष्कर्ष सर्वांसमोर ठेवले गेले, ही तिची मोठी जमेची बाजू. पण कायद्याची संमती आणि मनाची संमती यांत अंतर असते. रात्री आठ वाजता, रुग्णाला आत नेण्याच्या घाईत, चार पानी कागदावर अंगठा घेतला तर ती संमती कागदाची झाली. डुकराला विचारता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी समिती नेमली. माणसाला विचारता येते, आणि तरीही विचारले नाही, तर दोघांत फरक काय राहिला?

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. यंत्र पारखण्यासाठी जनावर लागत असेल तर ते घ्यावे, पण मोजून घ्यावे, पूर्ण भुलीत घ्यावे, आणि चाचणी यशस्वी होवो वा फसो, निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. फसलेली चाचणी कपाटात दडवली की दुसरी कंपनी तीच चाचणी पुन्हा करते आणि तेवढी जनावरे फुकट जातात. आता गुरुग्राममध्ये डॉ. सुधीर श्रीवास्तव यांच्या कंपनीने ‘एसएसआय मंत्र’ हे भारतीय यंत्र तयार केले आहे, आणि पुढेही अशी यंत्रे येतील. प्रत्येक नव्या यंत्राला हे बंधन असले पाहिजे.

दुसरे असे की, ज्या विद्येसाठी एवढे जीव गेले, तिचे फळ पुण्या-मुंबईच्या काही मजली इमारतींतच अडकून राहू नये. आमच्या भागातील माणूस सोलापूर गाठतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो ‘योजनेत बसते का?’ हा. त्याला यंत्रमानव नको असतो. वेळेवर सोनोग्राफी हवी असते, खडा लहान असतानाच काढणारा डॉक्टर हवा असतो. ते झाले तर पुष्कळांची मूत्रपिंडे काढण्याची वेळच येणार नाही. आणि जनावरांच्या दवाखान्यातही दुर्बिणीचे आणि सोनोग्राफीचे ज्ञान पोहोचू द्या. बोकडाच्या दुखण्यावरून माणसाला शिकता येते, तर माणसाच्या उपचाराचा बोकडालाही थोडा लाभ व्हायला काय हरकत आहे?

वाचकहो, उद्या तुमच्या घरात कोणावर अशा शस्त्रक्रियेचा प्रसंग आला तर घाबरू नका आणि दिपूनही जाऊ नका. डॉक्टरांना शांतपणे चार प्रश्न विचारा. या दुखण्याला यंत्रमानवच लागतो, की साध्या दुर्बिणीने भागेल? तुम्ही स्वतः या यंत्रावर अशा किती शस्त्रक्रिया केल्या? मध्येच यंत्र अडले तर पुढे काय करणार? जास्तीचा खर्च नेमका कशाचा? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि या चारही प्रश्नांची उत्तरे तुम्हाला मराठीत, समजेल अशा शब्दांत मिळेपर्यंत कागदावर सही करू नका.